सव्वा किलोचे गाठोडे

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. ताडपत्र्या शिवण्याच्या एका लांबट खोलीत, दाराआडच्या खिळ्याला मी लटकलेली असते. खोलीत दोन शिलाई यंत्रे आहेत, जाड कापडाचे तागे आहेत आणि दोऱ्याला लावायच्या मेणाचा वास आहे. माझ्या पोटात आता चिंध्या भरतात. माझा एक पट्टा उंदराने कुरतडला आहे आणि कमरेची बक्कल गंजून घट्ट बसली आहे. येणारी गिऱ्हाइके माझ्याकडे बघून म्हणतात, ही का ठेवली आहे अजून? त्यांना कोणी उत्तर देत नाही. ते मी तुम्हाला देते. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मला शिवले ताईने. ही खोली तिचीच. ट्रकवर घालायची ताडपत्री, दुकानापुढचे छत, तंबू, जे काही जाड आणि हट्टी कापडाचे असेल ते लोक तिच्याकडे आणत. कापडाची चारपदरी घडी दोन बोटांत धरून ती सुईखाली सरकवायची, आणि शिवण अशी सरळ यायची की जणू खडूने ओढली आहे. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर सुई आरपार गेल्याची एक जुनी खूण होती. त्या बोटाने ती कापड चाचपायची आणि डोळे न उघडता सांगायची, हे पाणी धरेल, हे नाही धरणार.

तिचा धाकटा भाऊ नकाशांच्या कचेरीत होता. दिवसभर उंच स्टुलावर बसून तो डोंगरांच्या आणि वाटांच्या रेषा काढायचा. हाडकुळा, ताठ, आणि प्रत्येक गोष्ट मोजून घेणारा. चहात साखर घालतानासुद्धा चमच्यावर बोट फिरवून सपाट करायचा. म्हणून कचेरीत त्याचे नाव पडले पट्टी. घरीही मग सगळे पट्टीच म्हणू लागले.

पट्टीच्या एका नकाशावर एक तुटक रेषा होती. वाळवंटाच्या कडेपासून निघायची, अख्खे वाळवंट ओलांडायची, पुढे डोंगरात शिरून एका उंच खिंडीतून पलीकडे उतरायची. सहाशे किलोमीटर. चौतीस दिवसांची वाट.

"ही रेषा मी अकरा वेळा काढलीय, ताई," तो एकदा म्हणाला. "एकदा तिच्यावरून चालायचंय."

"एकटा? दुसऱ्या दिवशी चष्मा हरवशील आणि तिसऱ्या दिवशी वाट."

"मग तू चल."

ताईने यंत्र थांबवले नाही. शिवण संपवली, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "पाठीवर काय घ्यायचं त्याची यादी कर."

अशी मी जन्माला आले. पट्टीच्या पाठीचे माप घेऊन, खांद्याला दुहेरी पट्टे आणि तळाला तिहेरी कापड घालून तिने मला शिवले. उरलेल्या कापडातून स्वतःसाठी दुसरी शिवली. वर्षभर दर रविवारी आम्हाला वाळूच्या पिशव्यांनी भरून दोघे पाण्याच्या टाकीचा जिना चढायचे आणि उतरायचे. त्यांची आई खालून बघत असायची. "घरात पंखा आहे, नळाला पाणी आहे," ती म्हणायची, "आणि ही दोघं जिथे दोन्ही नाही तिथे मुद्दाम निघालीत. लोक काय म्हणतील ते जाऊ दे, मला तरी सांगा का ते." ते त्यांना सांगता आले नाही. मला वाटते, माणसांना हे कधीच नीट सांगता येत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ओझ्याची वाटणी झाली. अन्न, स्टोव्ह, भांडी आणि औषधे ताईकडे. तंबू, दोर आणि पाण्याचा मोठा साठा माझ्याकडे. ज्याचे जाकीट त्याच्याकडे. माझ्या अगदी तळाशी ताईने एक गाठोडे ठेवले. दोघांच्या लोकरी टोप्या, लोकरी हातमोजे, जाड पायमोजे, सगळे जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधलेले. पट्टीने ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. सव्वा किलो. त्याने वहीत लिहून घेतले.

पहिले चार-पाच दिवस मजेचे होते. मी नवी होते, कडक होते, चालताना कुरकुरत होते. पहाटे निघायचे, दहा वाजता कुठल्यातरी खडकाच्या सावलीत पडायचे, चारला उठून अंधार पडेपर्यंत पुन्हा चालायचे. दोघे गप्पा मारायची. ताई त्याच्या चालीची नक्कल करायची. पट्टी दर तासाला किती पावले झाली ते सांगायचा.

मग वाळवंटाने आपले खरे रूप दाखवले. मित्रांनो, माणसाला वाटते की वाळवंटात फक्त तहान लागते. तहान तर लागतेच. पण त्याआधी पाय सुजतात आणि बूट एका मापाने लहान होतात. मोज्यांत गेलेली वाळू टाचेचे कातडे किसणीसारखी किसते. ओठ फुटतात, मग हसायला जड जाते, मग हसणे बंद होते. माझे पट्टे पट्टीच्या खांद्यांत रुतले. तिथे आधी लाल झाले, मग फोड आले, मग ते फुटून माझ्या कापडाला चिकटले. संध्याकाळी मला उतरवताना तो श्वास रोखून धरायचा. घामाचे मीठ सुकून मी पाठीकडून पांढरी आणि पत्र्यासारखी ताठ झाले होते. मी त्याला टोचत होते आणि मला ते कळत होते, पण सॅक काय करणार?

शरीरापेक्षा मनाचे अधिक वाईट झाले. समोर सारखे तेच. दुपारी जो उंचवटा दिसायचा तो संध्याकाळीही तेवढाच लांब. बाराव्या दिवसापासून पट्टीला ताईच्या नाक ओढण्याचा राग येऊ लागला. धुळीने तिला सर्दी झाली होती, बिचारी करणार काय? पण तो ते आवाज मोजू लागला. ताईला त्याच्या मोजण्याचा राग येऊ लागला. एका सकाळी घोटभर पाणी जास्त प्यायल्यावरून दोघांत ठिणगी पडली. त्यानंतर दोन दिवस त्यांच्यात चार शब्दांपलीकडे बोलणे झाले नाही. चालताना मध्येच पट्टी दचकून मागे वळायचा. आईने हाक मारली असे त्याला वाटायचे. मागे कोणी नसायचे. आपल्याला असे भास होतात हे त्याने ताईला सांगितले नाही. ताईच्या पायाच्या अंगठ्याचे नख उखडले होते, तेही तिने त्याला सांगितले नाही. बूट काढताना ती पाठ करून बसायची. दोघेही एकमेकांपुढे धडधाकट दिसायच्या मागे लागली होती.

आणि पट्टी वजन कमी करू लागला. आधी दात घासायच्या ब्रशची दांडी तोडली. मग नकाशांची कोरी कड फाडून टाकली. मग वाचायचे पुस्तक, मग एक चमचा. रात्री तंबूत पडल्या पडल्या तो हिशेब करायचा, शंभर ग्रॅम गुणिले इतकी पावले. हे वेड होते, पण मला ते आवडत होते. खोटे कशाला बोलू? मलाही ओझ्याचा कंटाळा आला होता.

सतराव्या दिवशी आम्ही एका पाण्याच्या टाकीपाशी पोचलो. सिमेंटची टाकी, शेजारी उंटांसाठी डोण, वर पत्र्याचे छप्पर. सावलीतही अंगाची लाही होत होती. ताई पाणी भरून घेत होती. पट्टी टाकीच्या मागच्या बाजूला गेला, मला उपडी केले आणि तळातले गाठोडे बाहेर काढले. गाठ सोडून त्याने एक हातमोजा बोटांवर चढवला. त्या आगीत लोकरीचा स्पर्श होताच तो शहारला. त्याच्या डोळ्यांपुढे थंडी येईना. अंग भाजत असताना थंडीवर विश्वास बसत नाही, मित्रांनो. खिंडीत या महिन्यात बर्फ नसते असे त्याने कुठेतरी वाचले होते. त्याने गाठोडे पुन्हा बांधले, टाकीच्या पायथ्याशी ठेवले आणि त्यावर एक दगड ठेवला.

"झालं का?" ताईने पलीकडून विचारले.

"झालं," पट्टी म्हणाला.

मी पुन्हा त्याच्या पाठीवर चढले तेव्हा आम्हा दोघांना हायसे वाटले. हे मी आज कबूल करते.

संध्याकाळी सांगू, असे त्याने ठरवले होते. संध्याकाळी ताईचा पाय मुरगळला, म्हणून राहिले. दुसऱ्या दिवशी तिच्याशी नुकतेच नीट बोलणे सुरू झाले होते, ते बिघडवायला त्याचे मन होईना. तिसऱ्या दिवशी वाटले, आता सांगितले तर विचारेल, तीन दिवस का नाही सांगितलेस? आज सांगतो, उद्या सांगतो करता करता आठवडा गेला. चूक तिथेच होती, पण आता तिच्यावर लपवाछपवी चढली होती.

चोविसाव्या दिवशी वाळवंट संपले. डोंगराच्या पायथ्याशी एक लहान वस्ती होती आणि वस्तीत एकच दुकान. दुकानदारीण म्हातारी होती आणि कानाने कमी. आत दोर, कंदील, बिस्किटे, काड्यापेट्या, आणि दाराजवळ दोरीवर टांगलेले लोकरी हातमोजे. राखाडी, जाड, खरखरीत. पट्टीची नजर त्यांच्यावर खिळली. त्याने हात पुढे केला आणि एक जोड चिमटीत धरून बघितला. मी पाठीवर होते. त्याचे काळीज धडधडत होते ते माझ्या कापडातून मला कळत होते.

ताई बिस्किटांचे पुडे घेऊन मागे उभी राहिली.

"हे कशाला बघतोस? आपल्याकडे आहेत ना."

दुकानदारीण दोघांकडे बघत होती.

"हो," पट्टी म्हणाला. "आहेत."

त्याने जोड सोडून दिला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी तिथे ओरडले असते. माझ्या पोटात दोन जोड मावतील एवढी जागा रिकामी होती.

पुढचे सहा दिवस चढ. वाळवंटात जशी वाळू संपत नव्हती तसा इथे चढ संपेना. हवा विरळ झाली. वीस पावले चालायचे आणि काठीवर कपाळ टेकून उभे राहायचे. पट्टीचे डोके ठणकायचे, अन्नाचा वास आला की पोटात ढवळायचे. ताई त्याच्यापुढे वाटी धरून बसायची, "चार घास खा, नाहीतर तुला उचलून न्यावं लागेल, आणि तू काही ताडपत्री नाहीस घडी घालायला." तो हसायचा आणि दोन घास खायचा. त्या दिवसांत तो तिच्याशी फार चांगला वागला. सकाळी आधी उठून पाणी उकळायचा, तिच्या बुटांच्या नाड्या बांधून द्यायचा. ताईला वाटले, भाऊ बदलला. का ते मला माहीत होते.

एकतिसाव्या दिवशी दुपारी आम्ही खिंडीच्या तोंडाशी होतो. सकाळी स्वच्छ ऊन होते. दोन वाजता पलीकडच्या बाजूने करडे काहीतरी आले आणि अर्ध्या तासात स्वतःचे बूट दिसेनात. वारा माणसाला ढकलून बसवीत होता. बर्फ वरून पडत नव्हते, आडवे येत होते. पट्टीने दिवसभर काही खाल्ले नव्हते. त्याची पावले वेडीवाकडी पडू लागली.

ताईने त्याला एका खडकाच्या आडोशाला ओढले. "इथेच तंबू लावू. हातमोजे काढ."

पट्टीने हात काखेत दाबून धरले.

"ऐकू येतंय का? हातमोजे काढ, टोप्या काढ."

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"टाकीपाशी ठेवले. त्या... वाळवंटातल्या."

ताईच्या भुवयांवर बर्फ साचत होते. ती रागावली नाही, रडली नाही. तेवढा वेळही नव्हता. "बरं," ती म्हणाली. "पाठ फिरव."

तिने माझे तोंड उघडले आणि तंबू बाहेर ओढला. साखरेच्या दोन रिकाम्या पिशव्या हातांवर चढवल्या, पण पिशव्या घालून गाठी सुटेनात. दोर ओले होऊन गोठले होते. तिने पिशव्या दातांनी ओढून फेकल्या आणि ती उघड्या बोटांनी गाठी सोडवायला लागली. लोखंडी खुंट्या हातांना चिकटत होत्या. सोडवताना कातडे जात होते. पट्टी मदतीला वाकला आणि तिथेच बसला. त्याची जीभ जड झाली होती. "मला उकडतंय," तो म्हणाला आणि जाकिटाची चेन खाली ओढू लागला. तेव्हा मात्र ताई घाबरली. थंडीने माणूस संपत आला की त्याला असे उकडते, हे तिने ऐकले होते. तिने चेन गळ्यापर्यंत ओढली, त्याच्या एक थोबाडीत दिली आणि पुन्हा गाठींकडे वळली.

तंबू उभा राहायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. आत गेल्यावर तिने मला पूर्ण रिकामे केले आणि पट्टीचे दोन्ही पाय माझ्यात घालून गुडघ्यांपर्यंत ओढून घेतले. मग त्याचे हात आपल्या कपड्यांच्या आत, पोटावर धरले. त्याचे हात बर्फाचे गोळे होते. ती दातांवर दात दाबून बसली. स्टोव्ह पेटवायची काडी तिच्या बोटांत धरवत नव्हती. मी त्याचे पाय जमेल तेवढे ऊबदार ठेवले. तिच्या स्वतःच्या हातांना ऊब द्यायला मात्र कोणी नव्हते.

वादळ दोन दिवस चालले. तिसऱ्या सकाळी ऊन पडले आणि खिंडीखालच्या निवाऱ्याचा राखणदार माणसे घेऊन वर आला. पट्टी धरून धरून चालू शकत होता. ताईचे पाय ठीक होते. तिने हात पुढे केले तेव्हा राखणदाराने नुसते एकदा पाहिले आणि आपल्या गळ्यातला मफलर हातांभोवती गुंडाळला. बोटे पांढरी होती, मेणासारखी. टकटक वाजतील अशी.

पुढे दवाखाना आला. बोटे आधी सुजली, मग काळी पडली. डॉक्टर सहा आठवडे थांबले, काय वाचते ते बघायला. शेवटी उजव्या हाताची अंगठ्याशेजारची तीन बोटे मधल्या पेरापासून काढली. डाव्या हाताची दोन टोके गेली. सुईची खूण असलेले ते बोटही गेले.

"हातमोजे?" डॉक्टरांनी विचारले.

"वाऱ्याने उडाले," ताई म्हणाली.

आईलाही तिने तेच सांगितले. गिऱ्हाइकांना तेच. पट्टी प्रत्येक वेळी शेजारी उभा असायचा आणि जमिनीकडे बघायचा.

घरी आल्यावर मला या खिळ्याला लटकवले गेले. यंत्रांवर कापड टाकले गेले. जुनी गिऱ्हाइके चौकशीला आली, हळहळली आणि दुसरीकडे गेली. ताई सकाळी खोली उघडायची, झाडायची आणि खुर्चीवर बसून राहायची. पट्टी कचेरी सुटली की इथे यायचा. तो शिवायला शिकला. इतक्या सरळ रेषा काढणारा माणूस, पण त्याची शिवण सापासारखी जायची. ताई सांगायची, "कापड ओढू नकोस, जाऊ दे त्याला." एवढेच. कामाचे बोलायची, जेवणाचे बोलायची. खिंडीचे नाव नाही. तिने त्याला एकदाही दोष दिला नाही आणि त्यानेच तो खंगत चालला. त्याचे गाल आत गेले. कचेरीत त्याने ती तुटक रेषा काढायला नकार दिला, असे एकदा आईच्या बोलण्यात आले.

दीड वर्षाने, एका दुपारी, तो यंत्रावरून उठला आणि तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"ताई, एकदा बोल मला. शिव्या दे. वाऱ्याने उडाले म्हणतेस, ते ऐकवत नाही आता."

ताई डाव्या हाताने कातरी धरायची सवय करीत होती. ती तिने खाली ठेवली.

"त्या टाकीपाशी मी पाणी भरत होते ना," ती म्हणाली, "तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? की ते लोकरीचं गाठोडं टाकून द्यावं. तू हसशील म्हणून बोलले नाही."

पट्टी यंत्राला टेकला.

"तू विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, टाक. आणि मग त्या म्हातारीच्या दुकानात आपण दोघांनी दोन जोड विकत घेतले असते."

ती हे अगदी शांतपणे बोलली. पट्टी खाली बसला, यंत्राच्या पायाशी, आणि तोंड झाकून रडला. ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. जेवढा उरला होता, तेवढा. "टाकलंस त्याचं मला काही नाही रे," ती म्हणाली. "सांगितलं नाहीस."

त्या दिवसापासून ती कोणालाही वाऱ्याचे सांगत नाही. कोणी विचारले की पट्टी स्वतः सांगतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दुकानासकट. ऐकणाऱ्यांतले काही त्याच्याकडे वाईट नजरेने बघतात. तो ते सोसतो. बोटे काही परत आली नाहीत. शिवण अजूनही थोडी वाकडी जाते. पण संध्याकाळी खोली बंद करताना ती दोघे आता एकमेकांशी बोलत जातात.

मित्रांनो, माझे पट्टे साफ ठेवा, मला उंदरांपासून वाचवा, असे मी मागणार नाही. माझे दिवस सरले. पण तुम्ही कधी लांबच्या वाटेला निघालात, तर ओझे आवरेनासे होणारच. टाच सोलली, भास झाले, भीती वाटली, पाणी जास्त प्यायलात, काही टाकून दिलेत, तर सोबतच्याला त्याच दिवशी सांगा. तो रागावेल. रागावू द्या. रागावलेल्या माणसाबरोबर खिंड ओलांडता येते. माझ्या तळाशी सव्वा किलोची जागा रिकामी होती आणि ती एकालाच माहीत होती, म्हणून आज ताईच्या त्या दुसऱ्या यंत्रावरचे कापड कोणी काढत नाही.